गाडीच्या साउंड सिस्टीममधील कपॅसिटर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कपॅसिटर म्हणजे नेमके काय, आणि गॅरेजमध्ये त्याला कंडेन्सर का म्हणतात?

धातूचे दोन पत्रे एकमेकांजवळ, पण एकमेकांना न चिकटता ठेवले आणि त्यांच्यामध्ये वीज न वाहू देणारा पदार्थ घातला, की कपॅसिटर तयार होतो. एका पत्र्यावर धन आणि दुसऱ्यावर ऋण प्रभार साठतो. मार्ग मिळाला की हा प्रभार तत्काळ बाहेर पडतो. मराठी परिभाषेत त्याला धारित्र म्हणतात, मात्र दुकानात हा शब्द सहसा ऐकू येत नाही. कंडेन्सर हे नाव जुने आहे. व्होल्टाने १७८२ मध्ये ते वापरले, आणि पंख्याच्या कंडेन्सरपासून जुन्या पेट्रोल गाड्यांच्या डिस्ट्रिब्युटरमधील कंडेन्सरपर्यंत आपल्याकडे ते तसेच टिकून राहिले. एसीच्या कंडेन्सरचा मात्र याच्याशी काहीही संबंध नाही. ती गॅस थंड करणारी जाळी असते.

डिकीत बसवला जाणारा मोठा नळकांड्यासारखा कपॅसिटर बहुतेक वेळा इलेक्ट्रोलिटिक प्रकारचा असतो. त्यात अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या द्रवाने भिजलेल्या कागदासह गुंडाळलेल्या असतात. वीज अडवण्याचे काम पट्टीवर तयार झालेला ऑक्साइडचा अत्यंत पातळ थर करतो. थर इतका पातळ असल्यामुळेच एवढ्याशा डब्यात एक फॅरडएवढी (फॅरड हे क्षमता मोजण्याचे एकक) मोठी क्षमता मावते. हा थर मुख्यतः धन बाजूच्या पट्टीवर तयार केलेला असल्याने कपॅसिटरला धन आणि ऋण अशी ठरलेली टोके असतात, आणि ती उलटी जोडल्यास हा थर नष्ट होतो.

साउंड सिस्टीममध्ये कपॅसिटर कुठे कुठे असतो?

विचारणाऱ्यांच्या मनात बहुतेक वेळा डिकीतला मोठा कपॅसिटरच असतो. प्रत्यक्षात तो तीन ठिकाणी आणि तीन वेगवेगळ्या कामांसाठी असतो. पहिला अँप्लिफायरच्या वीजपुरवठ्याला आधार देतो. त्यालाच स्टिफनिंग कपॅसिटर म्हणतात. दुसरा ट्विटरच्या, म्हणजे बारीक आवाजाच्या छोट्या स्पीकरच्या, तारेत असतो आणि जाड आवाज अडवतो. तिसरा अँप्लिफायरच्या आणि स्टिरिओच्या आत, सर्किट बोर्डावर असतो. या तिसऱ्याकडे ग्राहकाचे लक्ष जात नाही, आणि जाण्याची गरजही नसते.

डिकीतला मोठा कपॅसिटर प्रत्यक्षात काय करतो?

इंजिन चालू असताना गाडीचा वीजपुरवठा अल्टरनेटरकडून, म्हणजे इंजिनावर फिरणाऱ्या जनित्राकडून, होतो आणि व्होल्टेज साधारण १३.८ ते १४.४ च्या दरम्यान राहते. ढोलाचा ठोका किंवा बेसचा दणका आला, की अँप्लिफायर क्षणार्धात खूप मोठा करंट ओढतो. अल्टरनेटर ही वाढीव मागणी त्याच क्षणी पुरवू शकत नाही. अनेक नव्या गाड्यांत तर इंजिनावर एकदम ताण येऊ नये म्हणून अल्टरनेटरचे उत्पादन मुद्दाम हळूहळू वाढवले जाते. शिवाय बॅटरीपासून डिकीपर्यंतची चार-पाच मीटरची तार स्वतः काही व्होल्टेज खाते. परिणामी अँप्लिफायरच्या टोकांवरचे व्होल्टेज खाली येते, आणि नेमक्या त्याच क्षणी कपॅसिटर आपला साठा सोडून ती घसरण थोडी रोखून धरतो.

याहून कमी बोलले जाणारे, पण माझ्या मते अधिक उपयोगाचे असे त्याचे आणखी एक काम आहे. अँप्लिफायरच्या आतील वीजपुरवठा सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो आणि त्यामुळे तो करंट सलग न घेता तुकड्या-तुकड्यांत ओढतो. लांब तार अशा झपाट्याच्या बदलाला विरोध करते. अँप्लिफायरच्या अगदी शेजारी असलेला, कमी अंतर्गत रोध असलेला कपॅसिटर हे तुकडे जागच्या जागी पुरवतो आणि तारेतला करंट बराच सलग होतो.

एका फॅरडमध्ये किती वीज साठते, आणि ती किती वेळ पुरते?

हा हिशोब प्रत्येक ग्राहकाने एकदा तरी स्वतः करून पाहावा, अशी माझी मनापासून विनंती आहे, कारण खर्च कुठे करायचा हे त्यावरच ठरते. कपॅसिटरमधील ऊर्जा म्हणजे क्षमतेची निमपट गुणिले व्होल्टेजचा वर्ग. एक फॅरड आणि १४.४ व्होल्ट धरल्यास ती सुमारे १०४ जूल भरते. ही सगळी ऊर्जा मात्र कामी येत नाही. व्होल्टेज १२.६ च्या आसपास उतरले, की बॅटरी स्वतःच करंट पुरवू लागते आणि घसरण तिथे बरीच थांबते. म्हणजे कपॅसिटरच्या वाट्याला फक्त १४.४ ते १२.६ हा टप्पा येतो, आणि त्या टप्प्यात सुटणारी ऊर्जा केवळ २४ जूल असते.

आता १००० वॅट आरएमएसचा, म्हणजे सलग तेवढी ताकद देणारा, क्लास डी (कमी वीज वाया घालवणारा) अँप्लिफायर घेऊ. त्याची कार्यक्षमता ८० टक्के मानली, तर पूर्ण ताकदीने वाजताना तो १२५० वॅट, म्हणजे जवळजवळ ८७ अँपिअर ओढतो. २४ जूल भागिले १२५० वॅट म्हणजे एका सेकंदाचा पन्नासावा भाग. ५० हर्ट्झच्या बेसचे एक आवर्तन पूर्ण व्हायला तेवढाच वेळ लागतो. ठोका जर सेकंदाच्या दहाव्या भागाइतका टिकला, तर त्याला १२५ जूल लागतील. कपॅसिटर त्यातला पाचवा हिस्साच देऊ शकेल. त्यानंतर त्याचा वापरता येणारा साठा संपलेला असतो, आणि पुढचा ठोका येण्यापूर्वी त्याला पुन्हा भरण्याचे काम त्याच अल्टरनेटरवर पडते.

बॅटरीशी तुलना केली की चित्र आणखी स्पष्ट होते. ४५ अँपिअर-अवरच्या बॅटरीत १,६२,००० कूलॉम प्रभार असतो. एक फॅरडच्या कपॅसिटरमध्ये १४.४ व्होल्टला फक्त १४.४ कूलॉम असतो. कपॅसिटर वीज निर्माण करत नाही. तो अत्यंत चपळ, पण अत्यंत लहान साठा आहे.

मग “हजार वॅटला एक फॅरड” हा नियम चुकीचा आहे का?

तो चुकीचा नाही, पण तो नियम नसून ठोकताळा आहे. आधीच सुस्थितीत असलेल्या वायरिंगला जोड म्हणून किती मोठा कपॅसिटर पुरे, एवढेच तो सांगतो. कमकुवत अल्टरनेटरची भरपाई किती फॅरडने होईल, याचे उत्तर त्यात नाही. पाकिटावर लिहिलेले “कमाल ३००० वॅट” हे आकडे या हिशोबात कधीही धरू नयेत. फक्त आरएमएस वॅट धरावेत, आणि शंका आली तर अँप्लिफायरच्या फ्यूजचे अँपिअर पाहावेत. दोन ३० अँपिअरचे फ्यूज असलेला अँप्लिफायर ३००० वॅट देऊच शकत नाही, कारण १४.४ व्होल्टला ६० अँपिअर म्हणजे जेमतेम ८६४ वॅट आत जातात.

बेसच्या ठोक्याबरोबर हेडलाइट मंद होतात. कपॅसिटर बसवल्यावर हे थांबेल का?

क्वचितच. अँप्लिफायर माफक ताकदीचा असेल आणि घसरण अगदी क्षणिक असेल, तर लुकलुकणे कमी झालेले दिसेल. पण प्रत्येक ठोक्याला दिवे स्पष्टपणे मंद होत असतील, तर मागणी पुरवठ्यापेक्षा जास्त झाली आहे किंवा मार्गात कुठेतरी रोध आहे, असे समजावे. हॅलोजन दिवा या बाबतीत उत्तम मापक आहे, कारण त्याचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो. व्होल्टेज दहा टक्के उतरले, तर उजेड सुमारे तीस टक्क्यांनी कमी होतो. एलईडी हेडलाइट असलेल्या गाडीत ही खूण बहुधा दिसत नाही, म्हणून तिथे अडचण नाही असे मात्र नव्हे.

माझ्याकडे एकदा एक छोटी गाडी आली, तिच्या डिकीत दोन कपॅसिटर शेजारी शेजारी बसवलेले होते आणि दिवे तरीही ठोक्याठोक्याला डोळे मिचकावत होते. मालकाला तिसरा कपॅसिटर हवा होता. मी मल्टीमीटरची काळी पिन बॅटरीच्या ऋण टोकावर आणि लाल पिन बॉनेटखालच्या उघड्या पत्र्यावर टेकवली आणि ५० हर्ट्झचा सलग सूर वाजवला. मीटरने ०.९ व्होल्ट दाखवले. बॅटरीपासून बॉडीला जाणारी अर्थिंगची तार मुळातच बारीक होती, आणि तिच्या लगवर (टोकाच्या धातूच्या कडीवर) हिरवट-पांढरी भुकटी जमली होती. अँप्लिफायरचा सगळा परतीचा करंट त्या एका सांध्यातून जात होता, आणि हेडलाइटचाही. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत घासून ३५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार जोडल्यावर तोच आकडा ०.१ च्या खाली आला. दिव्यांची लुकलुक गेली, आणि तिसऱ्या कपॅसिटरचे पैसे वाचले.

कपॅसिटर घेण्यापूर्वी काय काय तपासावे?

सर्वप्रथम तार. १६ चौरस मिलिमीटरच्या शुद्ध तांब्याच्या पाच मीटर तारेचा रोध सुमारे ५.४ मिलिओहम असतो. ८० अँपिअरला त्यात ०.४३ व्होल्ट जातात. तीच तार ३५ चौरस मिलिमीटरची घेतली, तर ०.२ व्होल्ट. बाजारात स्वस्त किटमध्ये मिळणारी तार बहुतेक वेळा अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली असते, आणि तेवढ्याच जाडीला ती तांब्याच्या जवळपास दोन-तृतीयांशच वीज वाहते. तारेचे टोक चाकूने खरवडून पाहावे. आत पांढरा धातू दिसला, तर ती तांब्याची नाही. अनेक किटमध्ये वरचे प्लॅस्टिक जाडजूड आणि आतला धातू किरकोळ असतो, म्हणून बाहेरच्या जाडीवर विश्वास ठेवू नये.

त्यानंतर अर्थिंग, जिचे उदाहरण वर दिलेच आहे. रंगावर, गंजावर किंवा सीटच्या सैल बोल्टवर अर्थिंग कधीही घेऊ नये. बॅटरी ते बॉडी, इंजिन ते बॉडी आणि अल्टरनेटर ते बॅटरी या तीन तारा जाड केल्याने जो फरक पडतो, तो बहुतेक गाड्यांत कपॅसिटरच्या फरकापेक्षा मोठा असतो आणि खर्चही आवाक्यात राहतो.

शेवटी बॅटरी आणि अल्टरनेटर. छोट्या गाड्यांचे अल्टरनेटर साधारण ६० ते ९० अँपिअरचे असतात, तेही इंजिन वेगात फिरत असताना. सिग्नलला उभ्या गाडीत एसी, पंखा आणि दिवे चालू असतील, तर अँप्लिफायरच्या वाट्याला फारच थोडे उरते. सरासरी मागणीच जर अल्टरनेटरच्या कुवतीबाहेर असेल, तर मोठा अल्टरनेटर किंवा लहान अँप्लिफायर हे दोनच प्रामाणिक उपाय आहेत.

दुसरी बॅटरी चांगली की कपॅसिटर?

गाडी उभी करून, इंजिन बंद ठेवून गाणी ऐकायची असतील, तर दुसरी बॅटरी. तिथे कपॅसिटरचा काहीही उपयोग नाही. गाडी चालू असताना येणाऱ्या क्षणिक घसरणीसाठी कपॅसिटर अधिक चपळ ठरतो. दोन्हींपूर्वी मूळ बॅटरीच्या जागी चांगली एजीएम (काचतंतूंच्या चटईत आम्ल शोषून ठेवलेली) बॅटरी बसवण्याचा विचार करावा, कारण तिचा अंतर्गत रोध साध्या बॅटरीपेक्षा कमी असतो.

कपॅसिटर कुठे आणि कसा जोडावा?

अँप्लिफायरला समांतर, म्हणजे धनला धन आणि ऋणला ऋण, आणि शक्य तितका जवळ. अर्ध्या मीटरपेक्षा जास्त अंतर ठेवू नये. बॉनेटखाली बॅटरीजवळ बसवलेला कपॅसिटर लांब तारेच्या चुकीच्या टोकाला असतो, शिवाय तिथल्या उष्णतेने लवकर खराब होतो. त्याची अर्थिंग अँप्लिफायरच्या अर्थिंगच्याच जागी घ्यावी. मुख्य फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत असलाच पाहिजे, कारण तो अँप्लिफायरसाठी नसून मधल्या तारेच्या संरक्षणासाठी असतो. क्लॅम्प घट्ट आवळलेला हवा. अपघातात सुटलेला दीड-दोन किलोचा डबा मागच्या सीटवर बसलेल्यांना गंभीर इजा करू शकतो.

पहिल्यांदा जोडताना रेझिस्टर का लागतो?

रिकामा कपॅसिटर पहिल्या क्षणी निव्वळ तारेसारखा वागतो. तारांचा आणि बॅटरीचा मिळून १० मिलिओहम रोध धरला, तरी १२.६ व्होल्टला करंट हजार अँपिअरच्या पुढे जाऊ पाहतो. मोठी ठिणगी उडते, लग जळतो आणि फ्यूजही उडू शकतो. म्हणून कपॅसिटरसोबत येणारा रेझिस्टर आधी मुख्य तार आणि कपॅसिटरचे धन टोक यांच्यामध्ये धरून तो भरून घ्यायचा असतो. ३० ओहमचा रेझिस्टर आणि एक फॅरड असेल, तर तीस सेकंदांत कपॅसिटर ६३ टक्के भरतो, आणि पूर्ण भरायला सुमारे अडीच मिनिटे लागतात.

रेझिस्टर हरवला असेल, तर इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब वापरावा, आणि मला स्वतःला तोच अधिक आवडतो. मुख्य तार आणि कपॅसिटर यांच्यामध्ये बल्ब जोडला, की तो प्रथम लखकन पेटतो, मग पिवळा होतो, मग फक्त तारेचा लालसर धागा दिसतो आणि पाच-दहा सेकंदांत तोही विझतो. बल्ब विझला म्हणजे दोन्ही बाजूंचे व्होल्टेज सारखे झाले, हे कोणत्याही मीटरशिवाय कळते. बल्ब विझतच नसेल, तर कपॅसिटर आतून शॉर्ट आहे किंवा उलटा जोडला गेला आहे. तो तत्काळ काढावा.

कपॅसिटरचा शॉक बसतो का? तो धोकादायक आहे का?

१४ व्होल्ट कोरड्या त्वचेतून शॉक देऊ शकत नाहीत. धोका शॉर्टचा आहे. भरलेल्या कपॅसिटरच्या दोन टोकांवर पाना, अंगठी किंवा कडे टेकले, तर संपूर्ण साठा क्षणात त्या धातूत उतरतो आणि गंभीर भाजते. काम करताना हातातले धातूचे दागिने उतरवून ठेवावेत. काढण्यापूर्वी बॅटरीची तार सोडवावी आणि कपॅसिटर त्याच बल्बमधून रिकामा करावा; स्क्रू-ड्रायव्हर आडवा टाकून कधीही करू नये.

एक गोष्ट विशेष करून सांगतो, कारण अनुभवी कारागीरही ती विसरतात. बॅटरीची तार काढली, तरी कपॅसिटर गाडीच्या वायरिंगला काही काळ वीज पुरवत राहू शकतो. त्यामुळे एअरबॅग किंवा तत्सम यंत्रणेवर काम करायचे असेल, तर बॅटरी सोडवणे पुरेसे नाही. कपॅसिटर स्वतंत्रपणे रिकामा करावा लागतो.

लिहिलेली क्षमता खरी आहे की नाही, हे घरी कसे तपासावे?

यासाठी ३० ओहम, १० वॅटचा रेझिस्टर, मल्टीमीटर आणि मोबाइलमधील स्टॉपवॉच पुरते. कपॅसिटर आधी १२.० व्होल्टपर्यंत भरून घ्यावा आणि बॅटरीपासून पूर्ण वेगळा करावा. डिजिटल डिस्प्ले असल्यास तो बंद करावा. त्यानंतर टोकांवर रेझिस्टर जोडून लगेच वेळ मोजायला सुरुवात करावी आणि मीटर ४.४ व्होल्ट दाखवेल तेव्हा थांबावे. जितके सेकंद झाले असतील त्यांना ३० ने भागले, की फॅरडमध्ये क्षमता मिळते. तीस सेकंद लागले तर एक फॅरड. बारा सेकंद लागले तर ०.४ फॅरड, मग डब्यावर काहीही छापलेले असो. रेझिस्टर या काळात चांगलाच तापतो, म्हणून तो हातात धरू नये.

अंतर्गत रोध घरच्या साधनांनी अचूक मोजता येत नाही, पण त्याचे महत्त्व क्षमतेइतकेच आहे. दोन मिलिओहम रोध असलेला कपॅसिटर १०० अँपिअर देताना ०.२ व्होल्ट स्वतःच खातो.

कपॅसिटरमुळे बॅटरी उतरते का?

चांगल्या कपॅसिटरची गळती नगण्य असते. बॅटरी उतरते ती त्यावरच्या निळ्या-लाल डिस्प्लेमुळे, जर तो सतत चालू राहत असेल तर. डिस्प्लेची रिमोट तार स्टिरिओच्या रिमोट तारेला (स्टिरिओ चालू असतानाच वीज देणाऱ्या बारीक तारेला) जोडली, की तो गाडीबरोबर बंद होतो.

सुपरकपॅसिटर वेगळा कसा?

त्यात साठवण कार्बनच्या सच्छिद्र पृष्ठभागावर होते आणि क्षमता शेकडो-हजारो फॅरडपर्यंत जाते, पण एक सेल साधारण २.७ व्होल्टच सोसतो. म्हणून सहा सेल एकापुढे एक जोडून १६.२ व्होल्ट करतात. अशा जोडणीत क्षमता वाढत नाही, सहापटीने घटते. ५०० फॅरडचे सहा सेल मिळून ८३ फॅरड होतात. तरीही हा आकडा साध्या कपॅसिटरच्या ऐंशीपट आहे, आणि त्याने सेकंद-दीड सेकंदाची घसरणही खरोखर सावरली जाते. सेलमध्ये व्होल्टेज समान वाटणारे बॅलन्सिंग सर्किट नसेल, तर असा संच घेऊ नये.

ट्विटरच्या तारेतला छोटा कपॅसिटर काढून टाकला तर चालेल का?

कृपया काढू नये. त्याचा वीजपुरवठ्याशी संबंध नाही. तो ट्विटरचा रक्षक आहे. कपॅसिटर कमी वारंवारतेला जास्त अडवतो आणि जास्त वारंवारतेला वाट देतो. ट्विटरचा पडदा आणि आतली केसासारखी बारीक कॉइल बेसचा ताण सोसू शकत नाही. ४ ओहमच्या ट्विटरला ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला, तर सुमारे ८,५०० हर्ट्झच्या खाली आवाज दर सप्तकाला ६ डेसिबलने उतरत जातो. १० मायक्रोफॅरड लावला, तर ही सीमा ४,००० हर्ट्झपर्यंत खाली येते. झांजांची किणकिण आणि गायकाच्या आवाजातली धार अधिक ऐकू यावी म्हणून मोठा कपॅसिटर लावण्याचा मोह होतो, पण सीमा जितकी खाली आणावी तितका ट्विटरवरचा भार वाढतो. बदलायचाच असेल, तर त्याच मूल्याचा पॉलिप्रॉपिलीन फिल्मचा घ्यावा. इथे धन-ऋण टोके असलेला साधा इलेक्ट्रोलिटिक चालत नाही, कारण स्पीकरच्या तारेत विजेची दिशा सतत बदलत असते.

रेस दिली की स्पीकरमधून शिट्टीसारखा आवाज येतो. मोठ्या कपॅसिटरने तो जाईल का?

बहुधा नाही. ही शिट्टी बहुतेक वेळा स्टिरिओ आणि अँप्लिफायर यांच्या अर्थिंगमधील फरकामुळे आरसीए तारेत (आवाजाचा संकेत अँप्लिफायरकडे नेणाऱ्या तारेत) शिरते. अँप्लिफायरच्या आरसीए पिन काढून पाहाव्यात. आवाज थांबला, तर दोष तारेत किंवा स्टिरिओच्या अर्थिंगमध्ये आहे. आरसीए तार आणि पॉवरची तार गाडीच्या दोन वेगवेगळ्या बाजूंनी न्याव्यात.

कपॅसिटर किती वर्षे टिकतो?

हे मुख्यतः उष्णतेवर अवलंबून आहे. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे तापमान दर १० अंशांनी वाढले, की आयुष्य साधारण निम्मे होते. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरच्या उन्हात उभी राहणारी गाडी आणि महाबळेश्वरच्या सावलीतली गाडी यांत म्हणूनच मोठा फरक पडतो. डब्याचे टोक फुगलेले दिसले, द्रव पाझरला असेल किंवा आंबूस वास येत असेल, तर पुढची तपासणी करत न बसता तो बदलावा.

इलेक्ट्रिक गाडीत कपॅसिटर बसवावा का?

तिथे अल्टरनेटर नसतो; मोठ्या बॅटरीतून १२ व्होल्ट तयार करणारा कन्व्हर्टर असतो आणि त्याची करंटची मर्यादा ठाम असते. भरून न घेतलेला कपॅसिटर थेट जोडल्यास कन्व्हर्टरचे संरक्षण सर्किट त्याला दोष समजून पुरवठा बंद करू शकते. अशा गाडीत कमी करंट घेणारा अँप्लिफायर आणि जास्त संवेदनक्षमतेचे स्पीकर निवडणे हेच योग्य आहे. स्पीकरची संवेदनक्षमता ३ डेसिबलने जास्त असेल, तर तेवढ्याच आवाजाला निम्मेच वॅट लागतात.